हिऱ्याचं 'पाणी' खरंच उतरतं का?

गिरगावकर_लेक · शनिवार, दुपारी ३:४०

मंडळी, एक शंका आहे आणि थोडा रागही आहे. दोन्ही एकाच धाग्यात टाकते.

आजीच्या सात हिऱ्यांच्या कुड्या आईकडे आल्या आणि गेल्या वर्षी माझ्याकडे. आजोबांनी १९५६ साली घडवून घेतलेल्या. मध्ये एक मोठा खडा, भोवती सहा, म्हणजे दोन्ही मिळून चौदा. लहानपणी आजी सकाळी चाळीच्या गॅलरीत तुळशीला पाणी घालायला आली की तिच्या कानातून भिंतीवर बारीक रंगीत ठिपके पडायचे. तिने मान हलवली की ठिपके पळायचे आणि आम्ही भावंडं ते पकडायला धावायचो.

आता भाच्याच्या मुंजीला घालायच्या म्हणून डबीतून काढल्या तर अगदी निस्तेज. राखाडीच. एका दुकानात नेल्या (नाव घेत नाही). काउंटरवरच्या माणसाने नुसत्या डोळ्यांनी बघितलं आणि म्हणाला, "ताई, जुने खडे, पाणी उतरलंय यांचं. सोन्याचे पैसे देतो, खड्यांचं फारसं काही येणार नाही. त्यापेक्षा नवे बसवून घ्या."

कुड्या उचलून सरळ घरी आले. पण डोक्यातून जात नाहीये. हिऱ्याइतकी कठीण वस्तू नाही म्हणतात, मग त्याचं पाणी उतरतं म्हणजे नक्की काय होतं?

अर्धवट_इंजिनियर · दुपारी ४:०५

माझ्या माहितीप्रमाणे हिऱ्यात शिरलेला प्रकाश आत अडकतो आणि फिरत राहतो, म्हणून तो चमकतो. जुना झाला की आत बारीक चिरा पडत असाव्यात.

तिरकस_बाण · दुपारी ४:११

प्रकाश आत अडकला तर हिरा काळा दिसेल की रे बाबा. विरार फास्टमध्ये आत अडकलेला माणूस बोरिवलीच्या प्लॅटफॉर्मवरून कुणाला दिसतो का?

लूपवाला · संध्याकाळी ६:२०

ताई, काहीही विकू नका आणि बदलू नका. मी पंचवीस वर्षं हिऱ्यांच्या सॉर्टिंगमध्ये आहे, आधी ऑपेरा हाउसच्या हिरेबाजारात आणि २०१० साली नवा हिरेबाजार, म्हणजे भारत डायमंड बोर्स, सुरू झाल्यापासून बीकेसीत. तीन गोष्टी सांगा. प्रत्येक खड्याच्या मागे भोक आहे की बंद पत्रा? आजी केसांना रोज तेल लावायच्या का? आणि कुड्या शेवटच्या कधी धुतल्या?

गिरगावकर_लेक · संध्याकाळी ६:३२

मागे भोकं आहेत, पण काळपट कशाने तरी बुजलीत. तेलाचं म्हणाल तर हा काय प्रश्न झाला, खोबरेलाशिवाय आजीचा अंबाडा बसलाच नसता. आणि धुतल्या म्हणजे? हिरे धुतात??

तिरकस_बाण · संध्याकाळी ६:३४

थोडक्यात, पाणी उतरलेलं नाही, तेल चढलंय.

लूपवाला · संध्याकाळी ६:५०

😀 अगदी हेच. हिऱ्याला तेलाची फार ओढ. पाण्याचा थेंब त्याच्यावर पसरत नाही, गोळा होऊन बसतो. तेल मात्र बोट लागलं तरी चिकटतं. दक्षिण आफ्रिकेत किंबर्लीच्या खाणींमध्ये याचाच फायदा घेत. ग्रीस फासलेल्या उतरत्या टेबलावरून खडी आणि पाणी सोडायचे. बाकीचे दगड वाहून जायचे आणि हिरे ग्रीसला चिकटून राहायचे. तीच गोष्ट आजींच्या कानात रोज होत होती. वर साबण आणि पावडर.

पण तेलाने *मंद* का दिसतो, ते मास्तर नीट सांगतील. मास्तर, आहात का?

निवृत्त_मास्तर · रात्री ९:१५

आहे, आहे. जेवण चाललं होतं.

लूपवाल्यांनी निदान केलंच आहे, मी कारण सांगतो. अकरावी-बारावीला जन्मभर प्रकाश शिकवला. आमच्या वेळी वक्रीभवन म्हणत, आता पुस्तकात अपवर्तन आहे. प्रकाश दोन्ही नावांना सारखाच वाकतो.

तो वाकतो का, हे बघायला अनंत चतुर्दशीला गिरगाव चौपाटीवर उभे राहा. मूर्तीची गाडी डांबरावरून वाळूत तिरकी शिरली की पुढचं एक चाक आधी रुततं आणि त्याचा वेग पडतो. दुसरं चाक अजून डांबरावर जोरात असतं. गाडी आपसूक वळते. ढकलणाऱ्यांनी वळवलेली नसते, उलट ते ओरडत असतात. सरळ शिरली तर दोन्ही चाकं एकदम रुततात, वेग कमी होतो पण दिशा तीच राहते. प्रकाशाचा हवेतला वेग सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर, हिऱ्यात तो सुमारे १ लाख २४ हजारांवर येतो. या दोन वेगांचं गुणोत्तर म्हणजे अपवर्तनांक. हिऱ्याचा २.४२, पाण्याचा १.३३, साध्या काचेचा १.५ च्या आसपास. हिऱ्याची वाळू फारच भुसभुशीत.

खरी गंमत बाहेर पडताना आहे. आतून तिरका आलेला किरण बाहेर पडताना आणखी तिरका होतो. एका मर्यादेनंतर तो बाहेर पडूच शकत नाही, पृष्ठभागावरून पुरता आत परततो. या मर्यादेला क्रांतिक कोन म्हणतात. काचेचा सुमारे ४१ अंश, हिऱ्याचा फक्त २४.४. म्हणजे पृष्ठभागाच्या लंबाशी २४.४ अंशांहून जास्त कोन करून आलेला प्रत्येक किरण हिऱ्यात माघारी जातो. आणि हे परावर्तन आरशाहून चोख, कारण आरसा थोडा प्रकाश खातो, हे काहीच खात नाही.

पैलू पाडणाऱ्यांनी याचाच उपयोग केला. मार्सेल टोल्कोव्स्की हा हिरेवाल्यांच्या घराण्यातला इंजिनियर. त्याने १९१९ साली गोल हिऱ्याचं गणित मांडलं. खालचे पैलू ४०.७५ अंशांत, वरचे ३४.५ अंशांत. माथ्यावरून सरळ आत आलेला किरण खालच्या पैलूवर ४०.७५ अंशांनी आदळतो. २४.४ पेक्षा कितीतरी जास्त, म्हणून परततो. जवळजवळ आडवा जाऊन समोरच्या पैलूवर ५७.७५ अंशांनी आदळतो, पुन्हा परततो आणि वरून बाहेर येतो, तुमच्या डोळ्यांत. आता हेच कोन काचेत पाडा. मर्यादा ४१ आणि किरण येतोय ४०.७५ ने. पाव अंशाने हुकला आणि खालून पसार झाला. काचेच्या खड्यातून खालचं बोट दिसतं ते याच कारणाने.

आजींच्या कुड्यांतले खडे जुन्या धाटणीचे असतील, कोन थोडे निराळे असतील. पण रीत हीच.

आता तेलाकडे येऊ. २४.४ हा आकडा हिऱ्याच्या मागे *हवा* असेल तरच खरा. मागे खोबरेल आलं, त्याचा अपवर्तनांक १.४५ च्या आसपास, की मर्यादा सुमारे ३७ अंशांवर चढते. माथ्यावरून सरळ आलेला किरण अजून वाचतो, ४०.७५ हे ३७ पेक्षा जास्तच आहे. पण खोलीतला उजेड काय फक्त डोक्यावरून येतो? पाटीवर ढोबळ हिशेब केला, एकाच प्रतलातला आणि पहिल्या पैलूपुरता. स्वच्छ हिऱ्यावर उभ्या रेषेपासून ४३ अंशांपर्यंत कलून पडलेला किरणसुद्धा आतून सुखरूप परततो. मागे तेल असेल तर फक्त १० अंशांपर्यंत. त्याहून कललेले किरण तेलात आणि तेलातून मळात. तुम्हाला दिसतोय तो राखाडी रंग मळाचा आहे, हिरा बिचारा फक्त खिडकी झालाय.

अर्धवट_इंजिनियर · रात्री ९:४०

सर, माझं 'अडकतो' मागे घेतो. पण आत राहतो तरी किती वेळ?

निवृत्त_मास्तर · रात्री ९:४८

एकूण वाट एक सेंटिमीटर धरली तर सेकंदाच्या अब्जाव्या भागाचा साधारण बारावा हिस्सा. अडकला म्हणण्याइतकाही नाही.

गिरगावकर_लेक · रात्री १०:०२

मास्तर, तुमच्या वर्गात असते तर मी बँकेत नसते. उद्या धुते. पण भिंतीवरचे रंगीत ठिपके? पांढरं ऊन आत जाऊन रंगीत कसं बाहेर येतं?

निवृत्त_मास्तर · रात्री १०:२०

सगळे रंग वाळूत सारखे रुतत नाहीत. हिऱ्यात लालसाठी अपवर्तनांक २.४०७, जांभळ्यासाठी २.४५१. फरक ०.०४४. ऐकायला किरकोळ वाटतो, पण दोन परावर्तनं होऊन बाहेर पडेपर्यंत रंग इतके फाकतात की भिंतीवर सुटे पडतात. याला अपस्करण म्हणतात. नीलम-माणकात हाच फरक ०.०१८, स्फटिकात, म्हणजे क्वार्ट्झमध्ये, ०.०१३. त्यांना रंग असतो, पण रंगांची आतषबाजी नसते.

लूपवाला · रात्री १०:४५

यात मुंबईकरांसाठी एक व्यावहारिक गोष्ट. ठिपके पडायला उजेडाचा *बिंदू* लागतो, म्हणजे ऊन, मेणबत्ती किंवा दुकानातले छोटे छोटे झगझगीत दिवे. दुकानांत छतभर ते दिवे हौस म्हणून लावलेले नसतात. ट्यूबलाइटखाली किंवा जुलैतल्या ढगाळ दुपारी तोच हिरा पांढरा चमकतो, पण रंग फेकत नाही, कारण सगळीकडून आलेले रंग पुन्हा एकमेकांत मिसळून जातात. म्हणून दागिना घेताना तो हातात धरून दुकानाच्या दारापाशी यायचं. दुकानदार कुरकुरेल, येऊ द्या.

सकाळी ८:१२ च्या चर्चगेट लोकलमध्ये पूर्वेच्या खिडकीतून ऊन आलं की डब्याच्या छतावर ठिपके नाचताना मी रोज बघतो. कुणाच्या अंगठीचे आहेत ते बाईच्या हाताच्या हालचालीवरून कळतं. आणि खरं सांगू का, खडा अमेरिकन डायमंड आहे की मोइसनाइट (हाही हिऱ्यासारखा दिसणारा कारखान्यातला खडा) की हिरा, याचा अंदाजही ठिपक्यांवरून बांधता येतो. मोइसनाइटचं अपस्करण ०.१०४, हिऱ्याच्या दुपटीहून जास्त. छतावर दांडियाच चालू असतो.

तिरकस_बाण · रात्री १०:५१

चर्चगेट लोकलमध्ये सकाळी ८ वाजता वर बघायला मान हलते तुमची? कुठून चढता?

लूपवाला · रात्री १०:५३

दहिसर. मान वरच असते, खाली जागा नसते.

ठाण्याची_मुग्धा · रविवार, सकाळी ८:३०

धागा वाचून धसका घेतलाय. गेल्या आठवड्यात माझी पाचूची अंगठी एका ठिकाणी मशीनमध्ये धुवून घेतली, ते घरघर आवाज करणारं अल्ट्रासॉनिक. परत आली तर आत पांढऱ्या रेघा! आधी नव्हत्या. ते म्हणतात, चिरा पहिल्यापासून होत्या. मी म्हणते, तुम्ही पाडल्या. कोण खरं?

लूपवाला · सकाळी ९:१०

मुग्धाताई, वाईट वाटेल, पण बहुतेक दोघेही थोडे थोडे खरे. पाचू चिरांशिवाय सापडणं दुर्मिळ. बाजारातल्या बहुतेक पाचूंच्या चिरांत तेल किंवा रेझिन भरलेलं असतं. ही जुनी, सर्वांना माहीत असलेली पद्धत आहे, विकताना सांगितलं पाहिजे एवढंच. मशीनने आणि गरम पाण्याने ते तेल निघालं असणार. कधी कधी चीर वाढतेही. पाचू कधीच मशीनमध्ये टाकायचा नसतो, हे त्यांना माहीत असायला हवं होतं. चूक त्यांचीच. तेल पुन्हा भरता येतं.

ठाण्याची_मुग्धा · सकाळी ९:१८

थांबा. काल म्हणालात तेलाने हिरा बिघडतो. आज तेलाने पाचू सुधारतो? 🤔

निवृत्त_मास्तर · सकाळी ९:५५

सुंदर प्रश्न. या धाग्यातला सगळ्यात चांगला. नियम एकच आहे, तो दोन ठिकाणी दोन कामं करतो.

प्रकाश वळतो किंवा परततो तो दोन पदार्थांच्या *सीमेवर*. अपवर्तनांकांत जितका फरक तितकी सीमा जागी. फरक मिटला की सीमा झोपी जाते, प्रकाशाला ती जाणवतच नाही. हिऱ्याच्या पाठीला सीमा *हवी* असते. तिथे हवा असली म्हणजे २.४२ विरुद्ध १, कडक सीमा. तेलाने ती ढिली होते, नुकसान. पाचूतली चीर ही *नको* असलेली सीमा. चिरेत हवा असेल तर १.५८ विरुद्ध १, प्रकाश तिथून परततो आणि चीर पांढरी चकाकते. चिरेत दीडच्या आसपास अपवर्तनांकाचं तेल गेलं की फरक जवळजवळ मिटतो आणि चीर दिसेनाशी होते. असते तिथेच. दिसत नाही इतकंच.

अर्धवट_इंजिनियर · सकाळी १०:४०

हे घरी करून बघता येतं, आत्ताच केलं! बोरोसिलिकेट काचेचा छोटा ग्लास मोठ्या काचेच्या वाडग्यात ठेवून दोन्हींत सूर्यफुलाचं तेल ओतलं. दोघांचाही अपवर्तनांक १.४७ च्या आसपास. तेल चढत गेलं तसा ग्लास खालून वर पुसल्यासारखा गायब झाला. फक्त काठावरची छापील रेघ तरंगत राहिली. बायको म्हणाली, आता त्या तेलात भजी तळ, नाहीतर जेवण नाही.

तिरकस_बाण · सकाळी १०:४४

ग्लास काढून मग तळ. दिसत नसला तरी असतो तिथेच.

कोकणी_फणस · दुपारी १२:३०

माझं दुःख ऐका. ज्योतिषाने गुरूसाठी पुष्कराज सांगितला. सव्वासहा रत्तीचा 'सिलोनी पुष्कराज' घेतला, बऱ्यापैकी पैसे मोजले, विकणाऱ्याचं नाव घेत नाही. मधोमध आरपार बोट दिसतं. ओळखीतल्या एकाने छोट्या डबीसारख्या यंत्रावर बघितलं आणि १.५४ ते १.५५ म्हणाला. चांगलं की वाईट?

लूपवाला · दुपारी १:०५

गुरू रागावणार. १.५४-१.५५ म्हणजे स्फटिक कुटुंबातला. पिवळा असेल तर सिट्रीन, बाजारात ज्याला सुनेला म्हणतात. पुष्कराज म्हणून लोक ज्याचे पैसे मोजतात तो पिवळा नीलम, म्हणजे कोरंडम, त्याचा आकडा १.७६ ते १.७७. पुष्कराज म्हणून टोपाजही गळ्यात मारतात, त्याचा १.६१ ते १.६४. तीन खडे डोळ्यांना सारखे पिवळे दिसतात, पण आकड्यांत गल्लत व्हायला जागाच नाही. त्या डबीला रिफ्रॅक्टोमीटर म्हणतात. खालच्या काचेवर घाण वासाच्या द्रावणाचा एक थेंब टाकायचा, त्यावर खडा पालथा ठेवायचा आणि डोळा लावायचा. आत पट्टीवर अंधार-उजेडाची सीमा दिसते, तीच खड्याचा अपवर्तनांक. मास्तरांनी सांगितलेला क्रांतिक कोनच मोजतं ते. द्रावणाचा स्वतःचा आकडा १.८१ च्या आसपास, त्यामुळे त्यावरचे खडे त्यात मोजता येत नाहीत. हिरा तिथे ठेवला की पट्टी नुसती काळोखी.

बोट दिसतं त्याला आम्हीही 'विंडो'च म्हणतो. खालची बाजू उथळ पाडली की मधला प्रकाश सरळ खालून निघून जातो. खरा पुष्कराजसुद्धा उथळ पाडला तर विंडो पडते. म्हणजे विंडो हा घाटाचा दोष, खोटेपणाचा पुरावा नाही. तुमच्याकडे दोन्ही आहेत, ते वेगळं.

आणि ज्योतिषाच्या अंगठीची पाठ उघडी, खडा बोटाला टेकलाच पाहिजे. घाम, तेल, साबण सगळं थेट पाठीवर. मुंबईच्या दमटपणात आठवड्याभरात मंद. लोक म्हणतात, खड्याने पीडा ओढून घेतली.

कोकणी_फणस · दुपारी १:१२

ज्योतिषी अगदी हेच म्हणाला होता.

इतिहासात_रमलेला · दुपारी ३:२०

या सगळ्याला आपल्याकडे जुना इतिहास आहे. आपले जुने कारागीर वजन राखत. दगडाचा आकार सांभाळून वरून पैलू. खालच्या कोनांचं गणित दुय्यम, राजाच्या हातात वजन महत्त्वाचं. पोलकीत तर मागे चकचकीत पत्राच लावायचे, म्हणजे परत पाठवायचं काम पत्र्याचं. कोहिनूर १८५१ च्या लंडनच्या प्रदर्शनात ठेवला तेव्हा बघायला गेलेले लोक हिरमुसून परतले, काचेसारखा दिसतो म्हणून. १८५२ साली त्याला पुन्हा पैलू पाडले. जुन्या मापाने १८६, म्हणजे आजच्या मापाने १९१ कॅरेटचा १०५.६ उरला. इतकं वजन गेलेलं बघून राणीचा नवरा अल्बर्ट नाखूश झाला.

आपला त्र्यंबकेश्वरचा हिरा, ज्याला जग नासक डायमंड म्हणतं, त्याचीही तीच गत. शंकराच्या देवळातला, पुढे पेशव्यांकडे, १८१८ साली इंग्रजांनी घेतला. लंडनमध्ये घासला, १९४० साली न्यूयॉर्कच्या हॅरी विन्स्टनने पुन्हा घासला. आता ४३.३८ कॅरेट. दर वेळी कारण एकच, आणखी चमक. मला विचाराल तर देवाच्या समईपुढे तो जसा होता तसाच बरा होता.

निवृत्त_मास्तर · दुपारी ३:५५

समईच्या एका ज्योतीपुढे जुन्या धाटणीचे मोठे पैलू रंग छान फेकतात, हे मात्र खरं. जुनी माणसं ज्या उजेडात बघत होती त्या उजेडासाठी ते घाट वाईट नव्हते. तुमच्याशी भावनेने सहमत, भौतिकशास्त्राने अर्धा.

गिरगावकर_लेक · रविवार, संध्याकाळी ५:४०

धुतल्या!!

लूपवाल्यांनी निरोपात सांगितलं तसंच केलं. आधी बेसिनचं भोक कापडाने बंद. वाटीत कोमट पाणी, भांड्यांच्या लिक्विडचे दोन थेंब, अर्धा तास भिजवल्या. वीस मिनिटांत पाणी तांदळाच्या धुवणासारखं झालं. मग लहान मुलांचा मऊ ब्रश घेऊन मागच्या भोकांतून हळूहळू. भोकातून काळी चिकट वडीच निघाली, अक्षरशः मेणासारखी, आणि शपथेवर सांगते, तिला अजून खोबरेलाचा वास होता. आजी जाऊन एकोणीस वर्षं झाली. मी ब्रश खाली ठेवून थोडा वेळ नुसती बसले.

चहाच्या गाळणीत धरून धुतल्या, पंख्याखाली वाळवल्या आणि पश्चिमेच्या खिडकीत नेल्या. समोरच्या इमारतींच्या फटीतून साडेचारचं ऊन येतं, जेमतेम दहा मिनिटं. ठिपके! छतावर, फ्रिजवर, मांजरावर. मांजर धावलं.

पण एक गोष्ट आहे. चौदापैकी तेरा झळकले. उजव्या कुडीतला खालचा एक धुऊनसुद्धा वेगळा दिसतो. चमकतो, पण जरा धुरकट, आणि त्याच्या पैलूंच्या कडा झिजल्यासारख्या. हिरा झिजतो का?

लूपवाला · संध्याकाळी ६:०५

हिऱ्याच्या कडा सत्तर वर्षं कानात राहून अशा झिजत नाहीत. घरात लूप आहे का, दहापट मोठं दाखवणारं भिंग? वरच्या सपाट पैलूतून आत बघा आणि मागच्या पैलूंच्या कडांवर नजर ठेवा. कुडी थोडी थोडी तिरकी करत जा. रेघ एक दिसते की दोन?

गिरगावकर_लेक · संध्याकाळी ६:४०

नवऱ्याचं पोस्टाच्या तिकिटांचं भिंग घेतलं. सरळ बघितलं तर काही नाही. तिरकं केलं आणि अंगावर काटा आला. दोन! प्रत्येक रेघेच्या शेजारी तिची जुळी. झोप डोळ्यांवर असताना दिसतं तसं. शेजारच्या खड्यात मात्र रेघ एकच, तलवारीसारखी.

निवृत्त_मास्तर · संध्याकाळी ७:१०

वा! द्विअपवर्तन प्रत्यक्ष बघितलंत. काही स्फटिकांत शिरलेल्या किरणाचे दोन किरण होतात, दोघांचे वेग वेगळे, म्हणून मागची वस्तू दोनदा दिसते. १६६९ साली बार्थोलिन नावाच्या डॅनिश विद्वानाने कॅल्साइटच्या तुकड्यात हे प्रथम टिपलं. हिऱ्याची रचना सगळ्या दिशांनी सारखी, त्यात एकच प्रतिमा. अमेरिकन डायमंडमध्येही एकच. सरळ बघताना दिसलं नाही, कारण अशा स्फटिकात एका ठराविक दिशेने दोन्ही किरण जोडीने जातात. तिरकं केल्याशिवाय फुटत नाहीत.

लूपवाला · संध्याकाळी ७:३०

दोन रेघा, झिजलेल्या कडा आणि तरीही हिऱ्यासारखी चमक. माझा अंदाज पांढरा झिरकॉन. झिर*कोनिया*, म्हणजे अमेरिकन डायमंड, वेगळा, तो कारखान्यातला, १९७६ नंतर बाजारात भरला. झिरकॉन हा नैसर्गिक दगड, अपवर्तनांक १.९२ ते १.९८, दोन किरणांतला फरक ०.०५९ पर्यंत, म्हणून भिंगाखाली इतका ठळक. ठिसूळ असतो, कडा अशाच झिजतात. अमेरिकन डायमंड येण्याआधी हिऱ्याच्या जागी हाच बसवत. मोइसनाइटमध्येही दोन रेघा दिसतात, पण तो इतका कठीण की कडा झिजणार नाहीत, आणि जुन्या दागिन्यात तो असायचं कारणच नाही. खात्री करायची तर सोमवारी लॅबमध्ये दाखवा. पण आईंना विचारा, कधी खडा पडला होता का?

तिरकस_बाण · संध्याकाळी ७:३३

आता धाग्याचं नाव बदला, 'चौदावा खडा'.

गिरगावकर_लेक · रात्री १०:५०

विचारलं.

आई आधी म्हणाली, छे, आजी असं कधी करणार नाही. मग पाच मिनिटं गप्प. मग म्हणाली, १९६८ मध्ये मामाची फी भरायची होती, इंजिनियरिंगची. तेव्हा आजी एकदा कुड्या घेऊन भुलेश्वरला गेली होती, एकटीच. परत आली तेव्हा म्हणाली, एक खडा ढिला होता, घट्ट करून आणला. आजोबांना तेवढंच माहीत. आईलाही आजपर्यंत तेवढंच माहीत होतं.

मामाला अजून फोन केलेला नाही. तो ब्याऐंशी वर्षांचा आहे, अणुशक्तीनगरला राहतो.

लूपवाले, एक विचारू का? तो खडा तसाच ठेवायचा आहे. मुंजीत घालेपर्यंत त्याच्या कडांना अजून काही होऊ नये म्हणून काय करू?

लूपवाला · रात्री ११:०५

काही नाही. कुड्या डबीत एकावर एक ठेवू नका, हिरा त्याला ओरबाडतो. मऊ कापडात वेगवेगळ्या गुंडाळा. आणि केसांना तेल रात्री लावा, कुड्या काढून.